आवाज गेला नव्हता

ऑपरेटरच्या केबिनला प्रेक्षागृहाकडे उघडणारी दोन भोकं असतात. एकातून चित्र बाहेर जातं, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. हे दुसरं भोक वहीच्या पानाएवढं असतं आणि त्याला जाड काच असते. रत्नागिरीतल्या एका चित्रपटगृहात मी त्या काचेतून तीस वर्षांहून अधिक काळ पाहिलं. खाली अंधारात डोकी, वर उजेडाचा झोत, झोतात तरंगणारी धूळ आणि दूर, पाण्याखाली असल्यासारखा पडदा. केबिनमध्ये मशीनची आणि पंख्याची घरघर असते. सिनेमाचा आवाज भिंतीवरच्या लहान स्पीकरमधून येतो, तोही बारीक ठेवलेला. त्यामुळे ऑपरेटर सगळे सिनेमे जवळजवळ मुके पाहतो. माझ्यासमोर कितीतरी माणसं बोलली, भांडली, मेली. त्यातल्या बहुतेकांचे आवाज मला आठवत नाहीत. ओठ आठवतात.

या धंद्यात येण्याआधी चार वर्षं मी एका स्थानिक दैनिकात मुद्रितशोधक होतो. माणूस कमी पडला की बातम्याही लिहायचो. तिथे दोन गोष्टी शिकलो. जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणून लिहायचं नाही. आणि चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची. हा लेख दुसऱ्या नियमाखाली येतो. दुरुस्तीला उशीर झाला आहे.

आधी कामाविषयी. पूर्वी सिनेमा डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशीन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. त्या क्षणी एकाचा उजेड बंद, दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला कळता कामा नये. एकदा हे जमलं की पुढची सगळी वर्षं माणूस कोणत्याही चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहतो. लग्नातल्या ग्रुप फोटोतही.

पहिल्या खेळाआधी प्रत्येक रीळ टेबलावर एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर गुंडाळायचं. गुंडाळताना फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीतून सोडायच्या. फाटलेली भोकं, सुटलेले जोड बोटांना लागतात. तिथे थांबायचं, डोळ्यांपुढे धरून बघायचं, दुरुस्त करायचं. म्हणजे प्रेक्षकांनी बघण्याआधी ऑपरेटरने सिनेमा बोटांनी बघितलेला असे. पुढे जे झालं ते कळायला ही पद्धत लक्षात ठेवावी लागेल.

वर्तमानपत्र सोडल्यावर पहिला हंगाम मी हर्णेला तंबूतल्या टुरिंग टॉकीजवर काढला. बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव संपल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, असा तिथला नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची हिंमत नव्हती. लिलाव संपला की वाळूवरून दिवे हलत हलत तंबूकडे यायचे आणि त्यांच्यामागून माशांचा वास. पारूआजी नावाची एक मासेविक्रेती होती. ती रोज तिकीट काढून आत यायची आणि पडद्याकडे पाठ करून, आमच्या मशीनकडे तोंड करून बसायची. चार-पाच दिवसांनी मी तिला म्हटलं, "आजी, सिनेमा तिकडे आहे."

"माहीत हाय मला. तिकडला खोटा," ती म्हणाली. "उजेड हितला खरा. तू तुजा काम कर."

तिच्या चेहऱ्यावर सिनेमाचे रंग हलायचे. निळा, मग तांबडा, मग काही नाही. त्या हंगामातला एकही सिनेमा मला आठवत नाही. तो चेहरा आठवतो.

हर्णेलाच मी दुसरी एक गोष्ट शिकलो. पब्लिक चित्र गेलेलं सहन करतं, आवाज गेलेला नाही. चित्र गेलं की लोक आपसात बोलायला लागतात, बिडी काढतात. आवाज गेला की सगळी डोकी एकदम मागे वळतात आणि तंबू ओरडतो, "ए, आवाज!" त्या ओरडण्याने ऑपरेटरचा हात त्याच्याआधी उठतो. बल्ब, वायर, अँप्लिफायर, फ्यूज, या क्रमाने बघत जायचं. रत्नागिरीत कायम झालो तेव्हा आवाज गेल्यापासून परत येईपर्यंत मला पंधरा सेकंद लागत. मालक पाहुण्यांना केबिन दाखवायला आणत तेव्हा हे सांगत. मीही ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

नंतर रिळं गेली. सिनेमा एका पेटीत भरलेला येऊ लागला, बरोबर एक कुलूप, म्हणजे ठरावीक दिवसांपुरती चालणारी संगणकातली किल्ली. वेळ लावून ठेवली की खेळ आपोआप सुरू होतो, आपोआप संपतो. फिल्म नाही, जोड नाही, कोपऱ्यातला ठिपका नाही. बोटांना काही कामच उरलं नाही. मी केबिनमध्ये बसून गाळण्या साफ करू लागलो, वर्तमानपत्रातल्या मुद्रणाच्या चुकांवर लाल खुणा करू लागलो. सिनेमा आधी बघणं थांबलं. कोणी थांबवलं नाही. आपोआप थांबलं.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी सकाळच्या साडेअकराच्या खेळाला एक इंग्रजी सिनेमा लागला. एका प्रसिद्ध रॉक बँडची आणि त्यांच्या गायकाची जीवनकथा. नाव लिहीत नाही. या प्रकरणातला बिघाड माझा आहे, जाहिरात त्यांची कशाला? बंदरावर हमाली करणाऱ्याचा मुलगा, त्याचे तीन मित्र, एक गॅरेज, मग मोठी मैदानं, भांडणं, गायकाचं आजारपण. पोस्टरवर तो पाठमोरा उभा होता, समोर समुद्रासारखी माणसं. तिकीट खिडकीवरच्या सुलभाताई म्हणाल्या, "हा आपल्याकडे कोण बघणार? चेहरासुद्धा दाखवत नाही." मालकांचा नियम होता की दहा माणसं नसतील तर खेळ रद्द. पहिल्या दिवशी, शुक्रवारी, चौदा माणसं आली.

त्यात भाट्याचे एक वयस्क गृहस्थ होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कानात यंत्र. बरोबर पत्नी आणि पत्नीचा भाऊ. तिकीट काढताना त्यांनी सुलभाताईंना विचारलं, "पिक्चर कापलेला नाय ना? पुरा आहे?" त्यांचा आवाज सगळ्या आवारात ऐकू गेला. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. सुलभाताईही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "पुरा आहे हो, तात्या! वर इंटरव्हल फुकट!"

मध्यंतरानंतर तासाभराने मी खिडकीकडे पाठ करून प्रोजेक्टरची गाळणी ब्रशने झटकत होतो. भिंतीवरच्या स्पीकरमधून गर्दीचा गोंगाट आणि गिटार येत होती. मग काहीच येईनासं झालं. मी वळेपर्यंत खालून कॉलेजच्या दोन पोरांनी आरोळी ठोकली, "ए, आवाज!" काचेतून पाहिलं. डोकी मागे वळलेली होती. पडद्यावर अंधार, त्यात गायक तोंड उघडून गात होता, आणि आवाज नव्हता.

माझा हात माझ्याआधी उठला. खेळ थांबवला. अँप्लिफायरचं कपाट बंद करून पुन्हा चालू केलं, तारा दाबून पाहिल्या. मग प्रश्न आला की पुन्हा कुठून सुरू करायचा. एवढा भाग तर लोकांनी पाहिलाच आहे, असं धरून मी अंदाजाने थोडा पुढे नेला आणि चालू केला. हॉटेलची खोली, गायक आणि त्याची बहीण बोलत आहेत. आवाज खणखणीत होता. खालून कोणीतरी टाळी वाजवली. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद. या वयात, या यंत्रावर, वाईट नाही, असं मला वाटलं.

केबिनमध्ये रोजची नोंदवही असते. खेळाची वेळ, यंत्राचं तापमान, आणि शेवटी एक रकाना, "बिघाड". त्यात मी लिहिलं : "आवाज गेला. ऑपरेटरने दुरुस्त केला." मालकांनी संध्याकाळी सही करताना ते वाचलं आणि म्हणाले, "अजून हात चालतो हो तुमचा." मी त्यांना काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं, तेव्हाही सांगितलं नाही. ती ओळ त्या वहीत अजून आहे.

खेळ सुटल्यावर तात्या जिन्याच्या तळाशी उभे होते. मला वाटलं, शाबासकी द्यायला थांबले असावेत.

"का कापलंत?" त्यांनी विचारलं.

"कापलं नाही. आवाज गेला होता."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "आवाज जाऊ दे, मेल्या. चित्र का कापलंत?"

शेजारून त्यांचे मेहुणे म्हणाले, "चला तात्या, एसटी चुकेल. तुमचा भोंगा बिघडला वाटतं." ते हसले. तात्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. तात्यांनी मेहुण्यांचे ओठ वाचले असावेत. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि चालू लागले.

शनिवारी अकरा माणसं होती. मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि सिनेमा पाहिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच एका सिनेमासाठी भिंतीवरचा स्पीकर मोठा केला.

तो भाग असा होता. एका बंदरात धक्क्यावर रंगमंच उभारलेला आहे. मागे पाण्यात जहाजांचे दिवे. गाणं सुरू होतं आणि सगळ्या गावाची वीज जाते. त्याबरोबर सिनेमातला आवाजही जातो. गायक थांबत नाही. माइक बाजूला ठेवून तो कडेला येतो आणि गात राहतो. त्याचं तोंड दिसतं, गळ्याच्या शिरा दिसतात, पुढच्या रांगेतली एक बाई डोळे मिटलेली दिसते. आवाज नाही. चौऱ्याण्णव सेकंद. मग काळ्या पाण्यावरून एका जहाजाचा भोंगा वाजतो. एकटा, लांब. तो थांबतो. मग दुसरा, तिसरा, सगळं बंदर. त्यानंतर पडद्यावर दोन ओळी येतात : वीज गेल्यावर ध्वनिमुद्रण बंद पडलं होतं. हे गाणं कोणाकडेही नाही.

म्हणजे त्यांच्याकडे पुरावा नव्हता, म्हणून त्यांनी जागा कोरी सोडली होती. वर्तमानपत्रात मला जे शिकवलं होतं तेच कोणीतरी एवढ्या मोठ्या पडद्यावर केलं होतं, आणि मी ते बिघाड समजून दुरुस्त केलं होतं. रीळ असतं तर बोटं तिथे थांबली असती. फिल्मच्या कडेला आवाजाची एक नागमोडी पट्टी असते. ती एवढ्या लांबीपर्यंत सपाट लागली असती, मी ती डोळ्यांपुढे धरली असती आणि शुक्रवारी हात जागेवर राहिला असता.

शनिवारीही खालून कोणीतरी ओरडलं. मी हात मांडीखाली धरून बसलो.

तात्यांचं घर सुलभाताईंना माहीत होतं. रविवारी सकाळी पूल ओलांडून भाट्याला गेलो. नारळाच्या संशोधन केंद्राच्या पुढे, रस्त्याच्या आत, चिऱ्याचं घर. मागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे भरतीचा आवाज, जो त्या घरातल्या दोघांपैकी एकालाच ऐकू येत होता. तात्यांच्या पत्नीने, वहिनींनी, पाणी दिलं. तात्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसले होते. मी समोर बसलो आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "चूक माझी होती. आवाज गेला नव्हता. सिनेमाच तसा आहे."

"मग भोंगा आहे?"

"आहे."

"पहिला एकटा वाजतो? की सगळे एकदम?"

"एकटा. मग बाकीचे."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "ऐकलंस?" ते म्हणाले. स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाने बायकोला असं विचारावं, हे त्या दोघांनाही चमत्कारिक वाटलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांनी जसं सांगितलं तसंच लिहितो. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. युरोपातल्या एका बंदरात त्यांची बोट लागली होती, समोरच्या धक्क्यावर हा कार्यक्रम. सगळे डेकवर उभे राहून बघत होते. "लाइट गेली. आम्हाला वाटलं, संपला खेळ. तर तो बाबा तसाच गातोय! माइक ठेवलान बाजूला."

"ऐकू आलं?"

"अर्धं. वारा फिरेल तसं. तेव्हा कान शाबूत होते माझे." त्यांनी कानाला बोट लावलं. "गाणं संपलं तेव्हा टाळ्यासुद्धा नीट ऐकू येईनात, एवढा वारा, आणि काळोख. वर ड्युटीला आमचा गोव्याचा एक ऑफिसर होता. त्यानं खाली निरोप दिलान, भोंग्याची हवा सोड म्हणून. बंदरात भोंग्याची हवा बंद ठेवतात, त्याची तोटी, कॉक, खाली इंजिनात. मी धावलो. कॉक उघडला, वरून त्यानं दोरी ओढलीन. पहिला भोंगा आपला. मग सगळ्यांनी दिला."

"हेच गेली चाळीस वर्षं सांगतायत," वहिनी म्हणाल्या. "लग्न ठरवायला आले तेव्हापासून. आमच्या सदूने नाव पाडलंन, तात्या हवा सोडतात."

"सदू म्हणजे?"

"माझा भाऊ. परवा बरोबर होता तो. गावजेवण असू दे, बारसं असू दे, सदू विचारणार, काय तात्या, आज हवा सोडली की नाय? आणि सगळे हसणार." त्या सांगताना हसल्या नाहीत. "मीपण हसलेय. खोटं कशाला बोलू?"

मी तात्यांना विचारलं, "मग तो भोंगा कसा वाजला? तुम्हाला आठवतो?"

त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून स्वतःच्या हाताकडे नेली. प्रश्न कळला नसेल असं वाटून मी तो पुन्हा विचारायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मी खाली होतो ना. खाली जनरेटर. तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाय, ओठ वाचायला लागतात नायतर हात. मूठ म्हणजे बंद, थांब, उघडा पंजा म्हणजे चालू दे. तिथं भोंगा कुठचा ऐकू येणार? मी वर येईपर्यंत बाकीचे वाजत होते. वरचे म्हणाले, पहिला आपला. मी फक्त पाइप धरला होता." त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला. "पाइप हलला, तेवढं."

म्हणजे ज्या भोंग्याची गोष्ट ते चाळीस वर्षं सांगत होते, तो त्यांनी ऐकलेला नव्हता. आता ऐकू येणारही नव्हता. डॉक्टरांनी एक कान गेला आणि दुसरा जातोय असं स्पष्ट सांगितलं होतं. मुंबईला त्यांच्या मुलीने सिनेमा आधीच पाहिला आणि फोनवर लिहून कळवलं, "बाबा, भोंगा आहे." म्हणून ते बायकोला आणि मेहुण्याला घेऊन आले होते. त्यांना स्वतःला ऐकायचं नव्हतं. त्या दोघांनी ऐकावं, एवढंच हवं होतं. आणि मी नेमका तोच भाग उडवला होता.

"सदूभाऊ पुन्हा येतील?" मी विचारलं.

"गावी गेलाय लांज्याला. गुरुवारी येणार," वहिनी म्हणाल्या. "पण ह्यांच्या मनात नाय आता."

गुरुवार सिनेमाचा शेवटचा दिवस होता. शुक्रवारी किल्ली बंद. "गुरुवारी या," मी तात्यांना म्हटलं. "नाही आलात तरी मी खेळ लावणार." हे विधान करायचा मला अधिकार नव्हता. सोमवारी सहा माणसं आली, खेळ रद्द झाला. मंगळवारी चार.

आणखी एक अडचण होती. पडद्यामागे जमिनीलगत एक मोठा स्पीकर असतो, त्याला आम्ही वूफर म्हणतो. ढोल, ढगांचा गडगडाट, असले जाड आवाज त्यातून येतात. आमचा वूफर दोन वर्षं बंद होता. चित्रपटगृहाच्या भिंतीला लागून बाळा फ्रेमवाल्याचं दुकान. आमच्या पडद्यावर मारामारी झाली की त्याच्या भिंतीवरचे देव हलत. एकदा काच फुटली, तेव्हा मालकांनी वूफरची तार काढायला सांगितली. त्यामुळे शनिवारी मी भोंगा ऐकला तो भोंगा नव्हता. कोणीतरी लांबून बाटलीत फुंकर मारावी तसा तो वाजला. तेवढ्यावर सदूभाऊ हसलेच असते.

बुधवारी मी बाळाकडे गेलो. तो एका गणपतीला चौकट ठोकत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे एका भोंग्यासाठी तेहतीस कोटी खाली उतरवू?"

"भिंतीवर आहेत तेवढेच."

"किती वाजता वाजणार?"

"दीड वाजून गेल्यावर."

त्याने खिळा तोंडातून काढला. "सव्वाला उतरवतो. पण मला तिकीट पाहिजे. देव जमिनीवर बसणार आणि मी दुकानात काय करू?"

मालकांना मी वूफरचं विचारलं नाही. तार मीच काढली होती, मीच जोडली. एवढं माझ्या पदरी लिहून ठेवावं.

गुरुवारी सव्वाअकराला सात माणसं होती. तात्या नव्हते. साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना भाट्याची एसटी उशिरा आली. आवारात आधी वहिनी दिसल्या, मग सदूभाऊ, मग सर्वांत मागे तात्या, न आल्यासारखे चालत. पांढरा शर्ट तोच. सुलभाताईंनी बोटांवर मोजलं, "दहा." मालक दारात उभे होते, ते मान हलवून आत गेले. बाळा त्याच्या वेळेला येणार होता, तो अकरावा.

मी आवाजाचा आकडा वाढवून ठेवला आणि खिडकीशी बसलो. खाली दहा डोकी, वर झोत. तात्या मधल्या रांगेत, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला सदूभाऊ. दुपारच्या वेळी बंद प्रेक्षागृहात एक वेगळीच झोप असते. बाहेर ऊन आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच ते खरं वाटत नाही. सदूभाऊंची मान मध्यंतरानंतर कलली होती. सव्वा वाजल्यानंतर दार उघडलं, उजेडाची एक पट्टी आत आली, बाळा चाचपडत बसला, पट्टी मिटली.

मग बंदर आलं. गाणं सुरू झालं. गावातली वीज गेली आणि आवाज गेला.

त्या दिवशी आलेल्यांतल्या एकानेही हा सिनेमा आधी पाहिलेला नव्हता, तात्या आणि त्यांची दोन माणसं सोडून. आणि त्यांनीही हा भाग पुरा पाहिलेला नव्हता. आठ-दहा सेकंदांत मागची एक शिट्टी ऐकू आली. "ए, आवाज!" डोकी मागे वळली. सदूभाऊही जागे होऊन वळले. मला सगळं माहीत होतं. चौऱ्याण्णव सेकंद मी स्वतः मोजले होते. तरीही माझा उजवा हात उठला आणि बटणाकडे गेला. तीस वर्षं तो हात माझं ऐकून चाललेला नव्हता.

तात्यांना ना गाणं ऐकू येत होतं, ना शांतता, ना शिट्टी. पण त्यांनी वळलेली डोकी पाहिली. खुर्चीत अर्धवट उठून ते मागे वळले, थेट माझ्या काचेकडे बघत त्यांनी उजवा हात वर केला. पंजा उघडा होता.

मी हात खाली घेतला.

खाली हळूहळू डोकी पुन्हा पडद्याकडे वळली. पडद्यावरचा माणूस गात होता. ओरडणं थांबलं होतं, कुजबूजही थांबली. केबिनमधला पंखासुद्धा मी बंद केला होता. सगळ्या इमारतीत फक्त एक गाणं चालू होतं आणि ते कोणालाही ऐकू येत नव्हतं. पडद्याच्या उजेडात तात्यांचे ओठ हलताना मी पाहिले. ते काय म्हणत होते हे मला सांगता येणार नाही. मी ते ऐकलं नाही.

मग भोंगा वाजला.

वूफर दोन वर्षं न वापरलेला, त्यामुळे त्याने आधी एक धूळ झटकल्यासारखा आवाज केला. त्यामागून तो आला, जमिनीतून. माझ्या काचेला कंप सुटला. टेबलावरचा चहाचा कप बशीत किणकिणला. खाली सदूभाऊ खुर्चीत ताठ झालेले दिसले. तो एकटाच वाजत राहिला, बराच वेळ, आणि थांबला. त्यानंतरच्या रिकाम्या जागेत सदूभाऊंचा आवाज स्पष्ट आला, "ताई, पहिला एकटाच हो!" मग बाकीची जहाजं सुरू झाली.

एक गोष्ट लिहायला हवी. हा पुरावा नव्हे. सिनेमात जहाजाचं नाव नाही, हवा कोणी सोडली ते नाही. तात्यांनी सांगितलेलं आणि पडद्यावर दाखवलेलं एका ठिकाणी जुळतं, एवढंच मी खात्रीने म्हणू शकतो.

खेळ संपून दिवे लागल्यावर मी खाली गेलो. बाळा घाईने देव टांगायला निघून गेला होता. सदूभाऊ रांगेच्या टोकाशी उभे होते, हातात चपला धरल्यासारखे अवघडून. ते तात्यांना काहीतरी म्हणाले होते, पण तात्या त्यांच्या ओठांकडे बघत नव्हते. ते अजून बसलेले होते. उजवा तळवा खुर्चीच्या लोखंडी हातावर पालथा ठेवलेला. ती खुर्ची जमिनीत घट्ट बसवलेली आहे. वूफर चालू असला की तिच्यातून थरथर वर येते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी त्या खुर्च्यांवर कधी बसलोच नव्हतो.

मी समोर येऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"पाइप असाच हलला होता," ते म्हणाले. मोठ्याने. रिकाम्या प्रेक्षागृहात ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

वहिनींनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्यांना दिसेल असं तोंड वळवून म्हणाल्या, "उठा आता. बोट सुटायची."

तात्यांनी मूठ मिटून त्यांना दाखवली. त्या पुन्हा शेजारी बसल्या.